ढोकरीला गोळ्या कोणी दिल्या

१४ नोव्हेंबर
विमलच्या बोटाची सूज अजून उतरली नाही. विळा लागून आठ दिवस झाले. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. पालक कापताना. चीर इतकी लहान की चिंधी बांधून त्याच दिवशी तिनं भाजीचा बाजार केला. गावातल्या आरएमपीनं, म्हणजे बिनपदवीच्या डॉक्टरनं, आधी गोळ्या दिल्या, मग दुसऱ्या गोळ्या, मग सुई. आज बोट वांग्यासारखं झालंय.
आदिलाबादला चल म्हटलं.
"जाऊ ना आक्का, बाजार तं होऊ दे. काऊन घाई करून राह्यली?"
धाकटी बहीण. पन्नाशी आली तरी ऐकत नाही.
कापसाच्या ओलाव्याची बातमी चंद्रपूरला पेपरकडे पाठवली. पाचच्या आत.

१६ नोव्हें.
ओसरीवरच्या खोलीत मानसा राहते, हैदराबादची. पक्ष्यांवर अभ्यास. सकाळी तलावाच्या पाळीवर जाते आणि ढोकरी, पाणकोंबड्या, बाहेरून आलेली बदकं यांची विष्ठा कापसाच्या काडीनं उचलून नळ्यांत भरते. गाव हसतं. वि. सगळ्यांत जास्त. "पोरगी एवढी शिकली न् पाखराची शिट गोळा करून राह्यली." मानसाला आता मराठी कळतं. तीही हसते.
तिचं म्हणणं: औषधाला दाद न देणारे जंतू समुद्रकाठच्या पाण्यात, माशांत, पाखरांत सापडलेत. इतक्या आत, आपल्या तलावात आहेत का ते पाहायचंय.
रविवारच्या पुरवणीला विषय बरा, एवढंच माझ्या मनात आलं.

१९ नोव्हें.
वि.ला सणसणून ताप. तिचा नवरा गणपत आणि मी, दोघांनी मिळून आदिलाबादला नेली. डॉक्टरांनी बोट चिरलं, पू तपासायला पाठवला. दाखल करून घेतलं.
आतापर्यंत कोणती औषधं घेतली, डॉ.नी विचारलं.
"पिवळ्या गोळ्या दोन दिस. बरं वाटलं, सोडल्या. मंग लाल-काळ्या."
लाल-काळ्या मी दिल्या होत्या. माझ्या डब्यात उरलेल्या. चारच होत्या.
डॉ.समोर बोलले नाही.

२२ नोव्हें.
रिपोर्ट आला. डाव्या बाजूला औषधांची नावं, उजवीकडे प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जंतू जुमानणार नाही. प्रुफं वाचायच्या सवयीनं वरून खाली गेले. आर. आर. आर. आर. वाटलं, छपाईत गडबड झाली, एकच अक्षर खाली उतरत गेलंय. खिडकीवर जाऊन विचारूनही आले. गडबड नाही.
तळाशी दोन एस. त्यातलं एक किडनीला फार जड. दुसरं आजपासून, सलाईनमधून.
डॉ.: "या आधी कधी मोठ्या दवाखान्यात राहिल्या होत्या?"
कधीच नाही. दोन्ही बाळंतपणं घरी.
डॉ.नी कागद पुन्हा वाचला. "मग हा मोठ्या दवाखान्यातला जंतू यांच्याकडे आला कुठून?"
मला विचारत होते. तीस वर्षं प्रश्न मी विचारते. आज त्यांचा प्रश्न फक्त वहीत लिहून घेतला.

२३ नोव्हें.
कपडे घ्यायला घरी आले, तेव्हा रिपोर्टचा फोटो मानसाला दाखवला. ती उठून उभी राहिली. तिच्या प्रयोगशाळेचे पहिले निकाल कालच आलेत. तलावाच्या पाण्यात, ढोकरीत, बदकांत, सगळ्या नळ्यांत नाही पण बऱ्याच नळ्यांत याच जातीचा जंतू. हीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. मात्र वि.च्या बोटातला आणि तलावातला एकच का, हे आणखी एक तपासणी झाल्याशिवाय सांगता येणार नाही. दवाखान्यातून नमुना मागवते म्हणाली. वर बजावलं, "आक्का, अभी लिखना मत."
संध्याकाळी वि.ला सांगितलं. ती पडल्या पडल्या म्हणाली,
"ढोकरीले गोळ्या कोनं देल्या वो आक्का?"
आणि हसली. मला हसू आलं नाही. कारण हाच प्रश्न आहे.

२५ नोव्हें.
सकाळी मानसाबरोबर तलावावर. उद्या बाजार, म्हणून भाजी धुणं जोरात. कमला गुडघाभर पाण्यात, मेथीच्या जुड्या बुडवून, झटकून काठावर रचत होती. वि.ची शेजारीण, बाजारातही शेजारीच बसते. बाजूला पोत्यांचा ढीग. वरच्या अंगाला कोंबड्यांचं फार्म आहे, तिथली खाद्याची रिकामी पोती. जाड असतात, म्हणून गावात त्यांना मागणी. गणपतच आणून देतो सगळ्यांना. तलावात धुवायची, ओलीच भाजीवर गुंडाळायची. आदिलाबादपर्यंत पान मान टाकत नाही.
मानसानं एक न धुतलेलं पोतं उलटं केलं. शिवणीत पिवळसर पूड. पट्टीवर छापलेलं तिनं वाचलं, मग मला वाचायला दिलं. औषध मिसळलेलं खाद्य.
"हे रोज पाण्यात जातं?" मी विचारलं.
कमला म्हणाली, "रोज नाई, बाजाराच्या आधल्या दिशी. कोंबडीची दवा हाय ते, आपल्याले काय करते?"
मागच्या हिवाळ्यात या बायकांवर मी पानभर लिहिलं होतं. या पोत्यांच्या काटकसरीचं कौतुक केलं होतं, तलावाच्या पाण्यातून निघालेल्या मेथीचंही. चांगलं लिहिलं होतं. कात्रण वि.नं भिंतीला लावलंय.
 
परतताना ती समजावत होती. नुसत्या पोत्यांनी हे होत नाही. फार्मचं सांडपाणी, कोंबडीखत, संडासांचं पाणी, अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या. सगळ्याचा उतार तलावाकडे. पोती फक्त डोळ्यांना दिसली.
अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या.

२७ नोव्हें.
बोटाची दोन पेरं काढली. उरलेला हात वाचवायला, डॉ. म्हणाले. हातही वाचेल, असं म्हणाले नाहीत. लाली मनगटाच्या वर आली आहे. निळ्या पेनानं तिची कड आखून ठेवलीय, पुढे सरकते का बघायला. दर तासाला मी ती रेघ बघते.
शुद्धीवर आल्यावर वि.: "आक्का, जुडी बांधाले आळा याच बोटानं बसते."
गणपत बाहेर जाऊन उभा राहिला.
संपादकांचा फोन. काल त्यांना थोडंसं बोलले होते, ती चूकच. सहापर्यंत द्या म्हणाले, गावाच्या नावासकट. नाव छापलं तर माळ्यांच्या एकाही घरची भाजी बाजारात खपणार नाही. न छापलं तर लोक खातच राहणार. सहा वाजले. सात. दिली नाही. नोकरीत असं कधी केलं नव्हतं.

२८ नोव्हें.
लाली रेघेच्या आत आहे. किंचित.
वि.ला विचारलं, लिहू का?
"गावाचं नाव टाकशीन तं मी मेली समज. त्या बायका मले दारात उभी करनार नाईत."
बरं म्हटलं.
दुपारी सिस्टर सलाईन बदलायला आल्या. वि.ला निरखून पाहून म्हणाल्या, "तुम्ही रयतु बाजारात भाजी घेऊन बसता ना? माझा पालक तुमच्याकडूनच असतो." दोघी बराच वेळ पालकावर बोलल्या. सिस्टर पोराला पालकाचं वरण देतात, तो दुसरं काही खात नाही. वरण शिजतं, मी मनात म्हटलं. आणि वरची कच्ची कोथिंबीर?
त्या गेल्यावर वि. भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही. मी ताट उचलताना म्हणाली,
"लिव."
"गावाचं नाव?"
"लिव म्हनलं ना. माह्यंही टाक."

३० नोव्हें.
सकाळी बातमी पाठवली. उद्या येईल. जंतू एकच का, ते मानसाकडून अजून कळलेलं नाही. तसंच लिहिलंय, कळलेलं नाही म्हणून. पोत्यांचं लिहिलं. मागच्या वर्षीच्या माझ्या लेखाचं लिहिलं. लाल-काळ्या गोळ्यांचं लिहून खोडलं, मग परत लिहिलं.
वि.ला ताप आहेच, कमी. रेघेपाशी लाली थबकलीय. आणखी दोन दिवस बघू, डॉ. म्हणाले. नाहीतर ते किडनीला जड असलेलं औषध.
पेपरात वाचून कळायच्या आधी गावाला आपण सांगावं, म्हणून दुपारी कमलाला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं मध्ये तोडलं नाही. मग म्हणाली,
"हापशीवर घागर भराले अर्धा घंटा लागते आक्का. एवढी मेथी कशानं धुवू?"
"धुवू नको. तशीच ने."
"मातीची मेथी कोन घेईन?"
  वि. उशीवरून मान उचलून विचारत होती, "काय म्हनते? काय म्हनते कमला?"
मी हातानं तिला थांबवलं. फोनमध्ये मागे दुसऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि पाण्यात जुड्या बुडवून झटकल्याचा आवाज. एकामागून एक.