न वाचलेली यादी

यंगस्टाउन, २१ एप्रिल

प्रिय रँडल,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. तुझं पिवळ्या कागदावरचं पत्र मिळालं. 'आपल्या दुःखात सहभागी आहोत, घर आहे त्या स्थितीत रोखीनं घेऊ.' हातानं लिहिल्यासारखी छापील अक्षरं, मुद्दाम तिरकं चिकटवलेलं तिकीट, कोपऱ्यात तुझा हसरा फोटो. वा रे पठ्ठ्या! वारसांची घरं स्वस्तात उचलायला कोर्टातून मेलेल्यांची यादी आणतोस आणि न वाचताच छापखान्यात धाडतोस, नाही का? वाचली असतीस तर पत्ता ओळखला असतास. याच घरात अठरा वर्षं बसून गिळलंस.

हो, आई गेली. नऊ मार्चला. चर्चमध्ये आम्ही अकरा जण होतो. शेजारच्या डोलोरेसनं ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल आणलं होतं, ते मी चार दिवस पुरवून खाल्लं. घर आईनं आपल्या दोघांच्या नावे केलंय. तिच्या दुखण्यात मी माझी भाड्याची जागा सोडली, आता मला दुसरं छप्पर नाही. तू विकायला लावलंस तर मला बाहेर पडावं लागेल. तुझ्या हाती माझं घर असावं, याची मला किळस येते.

दोन वर्षांपूर्वी आईचा दुसरा नवरा वॉल्ट गेला, तेव्हाही हेच पत्र तिच्या नावे आलं होतं. शेवटी लिहितोस, 'मीही माझी आई गमावली आहे, तुमचं दुःख जाणतो.' गिऱ्हाईक पाघळावं म्हणून जित्या आईला मारलंस, मेल्या! आणि ते तिनंच वाचलं. मी फाडायला उठले, तर म्हणते, असू दे गं, धंद्यात बोलावं लागतं. फोटोत बघ, किती वाळलाय. मग तिनं त्यावरच्या नंबरावर फोन लावला. तुझ्या ऑफिसातल्या बाईनं विचारलं, घर विकायचंय का? आई म्हणाली, नाही हो, मुलाशी बोलायचंय. बाईनं फोन ठेवून दिला.

नंतर मी तुझ्या दारात येऊन तुझी खरडपट्टी काढायला निघाले की आई अडवायची. शेवटच्या आठवड्यातही म्हणाली, "त्याच्यामागे धावू नकोस, लोरीन. मी गेले की त्याचं पत्र येईलच. तेव्हा कळव." काल आलं. म्हणून कळवते आहे.

नाइलाजानं का होईना, तुझीच बहीण,
लोरीन