वर्षभराने परत द्यायचा फोन

आई, फोनच्या दुकानात जाऊन आले त्याला आता आठवडा होऊन गेला. तिथे काय झालं ते इथल्या कुणाला सांगावंसं वाटत नाही, कारण सांगायला तोंड उघडलं की समोरचा सल्ला द्यायला लागतो. परदेशातल्या या टूनगॅबीतही आमच्या गल्लीत निम्मी घरं आपल्याच लोकांची आहेत, आणि फोनचा कुठला प्लॅन घ्यावा यावर प्रत्येकाचं ठाम मत आहे. तू निदान आधी पूर्ण ऐकून घेशील, आणि मग विचारशील की बदल्यात काय मिळत होतं.

इथे फोन कंपन्यांची एक योजना असते. फोन हप्त्यांवर घ्यायचा, दर महिन्याला थोडे पैसे वर भरायचे, आणि वर्ष झालं की तो फोन कंपनीला परत द्यायचा. कुठे तडा नको, सगळं धड चालायला हवं. मग उरलेले हप्ते माफ होतात आणि हातात नवा फोन येतो, नव्या हप्त्यांसकट. आपल्या दाराशी बोहारीण यायची ना, जुने कपडे घेऊन नवं भांडं द्यायची, तसाच काहीसा प्रकार. फक्त इथे घासाघीस करू देत नाहीत. तुझ्या जावयाला ही योजना फार आवडायची. त्याला तू एकदाच पाहिलंस, त्यामुळे तुला माहीत नसेल, पण वस्तूंच्या बाबतीत तो अगदीच निर्मोही होता. "अगं, वस्तू आपल्या मालकीची असण्यात काय ठेवलंय? वापरायची आणि सोडायची," असं म्हणायचा, आणि म्हणता म्हणता फोनला काच लावायचा, कव्हर घालायचा, खिशात किल्ल्यांबरोबर कधी ठेवायचा नाही. दर वर्षी स्प्रिंग आला की स्वारी दुकानात. माझा फोन मात्र त्याने त्या योजनेत घातला नाही. काच फुटलेला फोन कोण परत घेणार.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. इथले ऋतू उलटे, तुझ्याकडे तेव्हा आषाढ असेल. कामावरून सुटला, पार्किंगमध्ये गाडीत बसला आणि गाडी सुरू झालीच नाही. तुम्ही तिकडे भेटता की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगून ठेवते. पोलिसांनी त्याच्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या, त्यात फोन होता, चार्ज संपत आलेला. मी घरी आल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल तर तो चार्जिंगला लावला. तेव्हापासून रोज लावते. खातं माझ्या नावावर करून घेतलं, हप्ते भरत राहिले, नंबर बंद केला नाही. आणि मग स्प्रिंग आला आणि त्याच्या फोनवर मेसेज आला, त्याच्या नावाने, मोठ्या आनंदाची बातमी असल्यासारखा. वर्ष झालं, या, जुना द्या, नवा घेऊन जा.

फोनवर लेकीला सांगितलं. तू गेलीस तेव्हा ती माझ्या पोटात होती, आता वॉलॉंगॉंगला युनित, म्हणजे विद्यापीठात, शिकते, चार मुलींबरोबर घर घेऊन राहते. ती म्हणाली, "मम, इट्स जस्ट हार्डवेअर. फोटो, मेसेजेस, सगळं क्लाउडमध्ये आहे. गिव्ह इट बॅक अँड गेट युअरसेल्फ अ डीसेंट फोन. युअर स्क्रीन इज एम्बॅरसिंग." अगदी बापाचं बोलणं. मला राग आला, आणि त्या रागाची ओळख लगेच पटली, कारण तोच राग मी लहानपणी तुझ्यावर केला होता.

बाबा जाऊन दोन-तीन महिने झाले असतील. चिंचवडचं आपलं कंपनीच्या कॉलनीतलं घर, शाळेतून मी येते तर तू जिन्याजवळ बोहारणीसमोर बसलेली, आणि मध्ये बाबांचे कपडे. ती एकेक पँट उजेडात धरून बघतेय. निळ्या चौकडीचा शर्ट तिने उचलला आणि नाक मुरडलं. "बाई, ही कॉलर उलटी करून शिवलीय. ह्याचं कोन काय देनार?" तू शर्ट तिच्या हातातून घेतलास, कॉलर तिच्या डोळ्यांपुढे धरलीस. "उलटी केलीय म्हणूनच आणखी दोन वर्षं जाईल. शिवण बघ आधी." आणि तू घासाघीस करून झाकणाची स्टीलची कळशी मिळवलीस. मी त्या कळशीतलं पाणी प्यायचं सोडलं. तहान लागली की शेजारी जायचे. तू ओरडली नाहीस, एकदाच म्हणालीस, "कपड्यांना माणूस लागतं गं. कपाटात लटकून ते नुसते घाबरवतात." मला वाटलं, आपली आई दगड आहे.

नंतरचं मंडईतलं मात्र मी कधी विसरले नाही. आपण भेंडी निवडतोय आणि तू एकदम थांबतेस. पलीकडे कांद्याच्या ढिगाजवळ एक माणूस पाठमोरा उभा आहे, खांद्यावर पोतं. निळी चौकडी. कॉलरवर तुझी शिवण, ती मलाही लांबून ओळखू येते. तू भेंडी तशीच टाकतेस, माझं मनगट धरतेस आणि चालायला लागतेस. तो सायकल स्टँडपर्यंत जातो, आपण मागे. तो रस्ता ओलांडतो, आपणही. तुझी पकड इतकी घट्ट की माझा हात दुखतो, आणि मला भीती वाटते की आता तू त्याला बाबांच्या नावाने हाक मारणार. बसस्टॉपवर तो वळला. जाड मिशांचा, देवीचे व्रण असलेला कुणी भलताच माणूस. तू पदर सावरून त्याला किती वाजले ते विचारलंस, त्याने सांगितलं, आपण परत आलो. पुढच्या आठवड्यात तू मला घेऊन पुन्हा त्याच मंडईत गेलीस, जवळची सोडून. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. तू त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाहीस, फक्त मागे मागे चालायचीस, आणि तो वळायच्या आत तू थांबायचीस. मी एकदा विचारलं, कोण आहे तो. तू म्हणालीस, "कोणी नाही. पाठमोरा बरा दिसतो."

आता मी तुला काय सांगणार, आई. आमच्या तिघांच्या फोनमध्ये एक नकाशा आहे. घरातला प्रत्येक माणूस त्यावर ठिपका होऊन दिसतो, कुठे आहे ते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, रक्ताच्या नळ्या लावता लावता अधूनमधून तो नकाशा उघडते. वॉलॉंगॉंगला लेक. लॅबमध्ये मी. आणि टूनगॅबीत घरी तो. सकाळी घरी, दुपारी घरी. जिवंत होता तेव्हा इतका कधी घरी नव्हता. संध्याकाळी ट्रेनमधून उतरले की मला घरी जायची घाई होते, आणि कुलूप काढताना वाटतं, तो आत आहे. आत गेल्यावर फोन चार्जरला लावलेला असतो, बस. मी रोज फसते आणि रोज घाई करते. हे असं जगणं बरं नाही, एवढं मला कळत होतं. तू कपडे का दिलेस, ते त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं. म्हणून ठरवलं, देऊन टाकू.

गेल्या शनिवारी फोन पर्समध्ये घातला आणि पॅरामॅटाच्या मॉलमध्ये गेले. दुकानातली मुलगी आपल्याकडचीच, लुधियानाची म्हणाली. तिने कव्हर काढून फोन दिव्याखाली फिरवून पाहिला, कडा बोटाने तपासल्या. "कंडिशन तो एकदम टॉप है, आंटी. किसका है?" मी म्हटलं, नवऱ्याचा. "बहुत सँभाल के रखते हैं," ती म्हणाली, आणि मी हो म्हटलं. मग तिने मला नवे फोन दाखवले, रंग दाखवले. तू असतीस तर एखादा चार्जर तरी जास्तीचा काढला असतास तिच्याकडून. शेवटी तिने फोन माझ्यापुढे सरकवला. "आंटी, पासकोड डाल दीजिए, फिर यह वाला, इरेज. उसके बाद मैं देख लूँगी." पासकोड मला पाठ होता. स्क्रीन विचारत होता, सगळं पुसायचं आहे, नक्की ना. माझं बोट वर होतं तेवढ्यात पर्समध्ये माझा फोन वाजला. लेक.

"मम, व्हाय इज बाबा इन पॅरामॅटा?"

  मग तीच म्हणाली, "आय नो. आय नो इट्स यू. बट ही मूव्ह्ड, मम. आय वॉज ॲट वर्क, आय लुक्ड, अँड ही वॉज मूव्हिंग."

"तू बघतेस तो नकाशा?"

"एव्हरी डे. डोन्ट यू?"

जस्ट हार्डवेअर म्हणणारी माझी लेक. कॅफेतल्या शिफ्टवरून बाहेर फुटपाथवर येऊन उभी होती, मागे गाड्यांचा आवाज येत होता. मी तिला सांगितलं की मी कुठे आहे आणि काय करतेय. ती म्हणाली, "ओके. दॅट्स फाइन. यू शुड." आणि मग, लहान असताना बोलायची तसं, इंग्रजी सोडून, म्हणाली, "आज नको ना. बाबाला इकडे घेऊन ये ना."

मी फोन उचलला.  काढलेलं कव्हर दुकानातल्या मुलीने स्वतःच नीट परत चढवून दिलं. "कोई बात नहीं आंटी. ऑफर मंथ एंड तक है," एवढंच म्हणाली.

तशीच स्टेशनवर गेले. सेंट्रलला गाडी बदलली, वॉलॉंगॉंगची पकडली, खिडकीशी बसले आणि त्याचा फोन मांडीवर ठेवला. माझा फोन तोवर बंद झाला होता, म्हणून लेकीचे मेसेज त्याच्या फोनवर यायला लागले. आधी, मम तुझा फोन लागत नाही, आर यू ओके. मग ती नुसती स्टेशनांची नावं पाठवायला लागली. हर्स्टविल. सदरलंड. पुढे झाडीत रेंज जाते, बोगदेही आहेत, तिथे काही आलं नाही. झाडी संपून एकदम समुद्र दिसायला लागला तेव्हा चार मेसेज एकापाठोपाठ वाजले. व्हाय हॅज ही स्टॉप्ड. व्हेअर इज ही. मम. प्लीज. मी उत्तर दिलं नाही. त्याच्या नावाने उत्तर जाईल, ते माझ्याच्याने झालं नसतं. फोन दोन्ही हातांत धरला आणि समुद्राकडे बघत बसले. तुझा हात माझ्या मनगटावर किती घट्ट होता ते त्या डब्यात मला परत जाणवलं. तेव्हा वाटायचं तू त्या माणसाला शोधत होतीस. तुला तो सापडायला नकोच होता. तुला फक्त कॉलर पुढे चालताना हवी होती. शर्ट कपाटात ठेवला असतास तर तो कधीच कुठे गेला नसता.

वॉलॉंगॉंगला उतरले तर ती प्लॅटफॉर्मवर होती, कामाचा एप्रन तसाच. तिने गाडीकडे पाहिलं नव्हतं. मान खाली, डोळे फोनवर. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले तरी तिने वर पाहिलं नाही, आणि मीही हाक मारली नाही. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला आणि मी त्यात तो फोन ठेवला. मग ती माझ्या गळ्यात पडून जी रडली, ती बाप गेल्यावरही तशी रडली नव्हती.

रविवारी संध्याकाळी मी एकटी परत आले. फोन तिच्याकडेच राहिला. सोमवारी कंपनीला कळवलं की मला नवा नको, हाच ठेवणार आहे, उरलेले हप्ते भरेन. योजना वाईट नाही, आई, ज्याला वस्तू देता येतात त्याला परवडते. आता नकाशा उघडला की तो युनिजवळ दिसतो, कधी बीचवर, कधी कॅफेत, रात्री तिच्या घरी. बसल्या जागी नसतो. आमच्या घरात मी एकटीच दिसते, आणि कुलूप काढताना आता काही वाटत नाही. वाटत नाही याचंच वाईट वाटतं.

एक राहिलं. लेकीने नंतर विचारलं होतं, मॅपवर तू का नव्हतीस, सेंट्रलपासून पूर्ण रस्ताभर फक्त बाबाच येत होता. मी म्हटलं, माझ्या फोनची बॅटरी गेली होती, जुना झालाय ना. तिने ते खरं मानलं. बॅटरी भरपूर होती, आई. फोन मी सेंट्रलला स्वतःच्या हाताने बंद केला होता, तिला तो एकटा येताना दिसावा म्हणून.