हाखेची चव कोणी घेतली

ती. आल्ट्येताईस,

लुबर्टचा टोपी काढून नमस्कार. तिकडे समुद्राकाठी वारा फार सुटला असेल, तरी तू आणि भावोजी खुशाल असाल अशी आशा करतो. भावोजींचा गुडघा कसा आहे? (त्यांना म्हणावं, गुडघा दुखला की पाऊस येतो हे खरं, पण गुडघा दुखवून पाऊस आणता येत नाही. सायकलवरून उतरायला शिका.) मी ठीक आहे. म्हणजे शनिवारपर्यंत ठीक होतो. शनिवारी काय झालं ते तुला सांगायचं आहे, आणि तुलाच, कारण तू हसलीस तरी तोंडावर हसतेस.

इकडे आठवडाभर असं धुकं पडलं होतं की कालवा आणि रस्ता यांतला फरक पाय ओला झाल्यावरच कळावा. हेसिना मला एकटा टाकून वर गेली त्याला आता वर्ष होईल. वर्षभर मी पाव आणि चीज यांवर काढलं. पण शुक्रवारी खाटकाच्या दुकानापुढे पाय आपसूक थांबले, आणि मी हेसिना करायची तसं कांदे-मांसाचं हाखे करायचं ठरवलं. खाटीक म्हणाला, "लुबर्टकाका, कोवळं बीफ नेऊ नका. हे घ्या, चिवट. सकाळी चढवा आणि विसरून जा. संध्याकाळी दोरे दोरे सुटतील." वर विचारतो, "पण करणार कोण?" मी म्हटलं, मी. तो सुरी पुसत राहिला.

सकाळी कांदे चिरायला बसलो. मांसाइतकेच कांदे लागतात हे तुला माहीत आहेच. दुसऱ्याच कांद्याला डोळ्यांतून धार लागली, ती शेवटचा कांदा संपून मी सुरी धुऊन ठेवली तरी थांबेना. (दफनाच्या वेळी माझा डोळा ओला झाला नाही म्हणून गावभर चर्चा झाली होती. त्या सगळ्यांना शनिवारी बोलवायला हवं होतं.) मग मांस लोण्यात तांबूस केलं, कांदे, लवंगा, तमालपत्र, आणि हेसिना घालायची तेवढंच, चमचाभर व्हिनेगर. गॅसवर हाखे होत नाही असं सगळे म्हणतात म्हणून माळ्यावरून जुना वातीचा स्टोव्ह काढला, पुसला, पेटवला, वर भांडं ठेवलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला मागे गेलो.

परत आलो तर झाकण टेबलावर. उताणं, कोणी नीट निथळून ठेवावं तसं. स्वयंपाकघरात व्हिनेगरचा असा उग्र वास की नाक झोंबलं. बाटली अर्ध्यावर आलेली. लाकडी डाव ओला. मांजर कपाटाखाली, शेपटीसकट. मी काय समजलो असेन? हेच, की शेजारची रुल्फीन आगाऊपणा करून गेली. तेवढ्यात दारावर टकटक झाली. रुल्फीनच! पण उंबऱ्याच्या बाहेर, अंगावर शाल, तोंड धुक्यासारखं पांढरं.

"लुबर्ट, पाहुणी आलीय का रे तुझ्याकडे?"

"नाही. का?"

"खिडकीत बाई उभी होती. भांड्यावर वाकून चव घेत होती. मी हात केला, तर पाठ फिरवली."

"कशी होती दिसायला?"

"पाठ रे! पाठ कशी दिसते? मी आत येत नाही, बाबा." आणि धुक्यात शिरली. नंतर बराच वेळ तिची पावलं ऐकू येत राहिली. गेल्यासारखी नव्हे, जागच्या जागी.

ताई, तुला खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. मी वर जाऊन केस विंचरले, निळा सदरा घातला (इस्त्री नव्हती, पण हेसिनाला मी बिनइस्त्रीचाच माहीत), आणि खाली येऊन खुर्चीच्या कडेवर बसलो, लग्नाच्या आधी तिच्या घरी बसायचो तसा. म्हटलं, "आलीस का गं?" भांड्यातली रटरट एकदम थांबली. घड्याळही थांबल्यासारखं वाटलं, पण ते माझ्या कानांचं असेल. मग स्टोव्हची वात, माझ्या डोळ्यांदेखत, हळूच खाली गेली. एवढीशी निळी ज्योत उरली. आणि डाव भांड्याच्या काठावर आपटला. टक, टक, टक.

हेसिना कधीच डाव आपटायची नाही. डाव कोण आपटायचं? वात बारीक करून, "मांस शिजवतोस की घर जाळतोस?" असं मला कोण म्हणायचं? व्हिनेगर ओतताना कोणाचा हात थांबायचा नाही?

मी वर्षभर बायकोची वाट पाहिली, आणि आल्या सासूबाई.

मी उठून उभा राहिलो. दुसरं काय करणार? "या, लामेखीनबाई," म्हटलं. अंगावर एक गार झुळूक आली, तळघराचं दार उघडल्यासारखी, आणि कॉलरपाशी रेंगाळली. (इस्त्री! ती बाई मेल्यावरसुद्धा बघणारच.) रस्सा दाट व्हावा म्हणून नेहमीसारखा मसालेदार केकच्या कापाला वाटलेली मोहरी लावून मी तो भांड्यात ठेवला, पुन्हा पाहिलं तर मोहरी दुप्पट. मी धीर करून विचारलं, "हेसिना कशी आहे?" झाकण आपोआप सरकून भांड्यावर बसलं, आमच्याकडे विषय बंद करतात तसं.

संध्याकाळी दोन ताटल्या वाढल्या. बटाटे, लाल कोबी, हाखे. माझ्या ताटलीतलं हाखे असं झालं होतं की आयुष्यात खाल्लं नाही. समोरची ताटली कोणी हलवली नाही. पण मी जेवून उठलो तेव्हा तिच्यावर पांढरी चरबी थिजली होती, जणू रात्रभर बर्फात होती. मी बोटाने चाखून पाहिलं. चव नव्हती, ताई. आंबट नाही, खारट नाही, काहीच नाही, ओला कागद. मांजराला घातलं तर त्याने वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी माफी मागितली.

असो. लिहिता लिहिता फार झालं. भावोजींना आणि बकरीला माझा नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
लुबर्ट

ता.क. आमच्या यांतिनाला यातलं काही कळवू नकोस. पोरगी मायाळू आहे, म्हणूनच भीती. लगेच मला वृद्धाश्रमात नेऊन बसवेल.

ता.क. दुसरा: रुल्फीनने काल स्टोव्ह मागितला. तिच्या गेलेल्या नवऱ्याला वाटाण्याचं सूप फार आवडायचं. दारापर्यंत घेऊन गेली आणि परत आणून ठेवला. म्हणाली, "नको रे. आलाच तर?"

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच: रात्रभर विचार केला तेव्हा लक्षात आलं की हेसिनाला हाखे कधी आवडतच नव्हतं. मला आवडायचं म्हणून ती करायची. ती येईल कशाला? तिचा जीव होता तुझ्या हातच्या दालचिनीतल्या लाल नाशपातींवर. त्यांची कृती पाठव, आणि तुमच्या झाडाच्या त्या कडक नाशपाती मिळाल्या तर थोड्या पाठव. किती वेळ शिजवायच्या तेही लिही. जितका जास्त वेळ लागेल तितकं बरं. मी बसून राहीन.