गोळी दुसऱ्याच्या हातात

सुरत, ता. १७ एप्रिल १९९४

ती. यशोदा अक्कास पितांबरचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल, तुम्ही बठ्ठे खुशाल असालच. हे पत्र एका बैठकीत लिहितोय, यावरूनच ओळख की भावाला काहीतरी झालंय. संक्रांतीपासून दारू बंद आहे. अन् या लूमच्या खात्यात अजून टिकून आहे.

खोलीतला तोताराम मला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी दारूचं सोडून लहानपण विचारलं. मास्तर मला बाकाला का बांधायचे, औत सोडून मी पतंगामागे का पळायचो. मग म्हणाले, मन एका जागी न थांबण्याचा हा आजार आहे, मोठेपणीही राहतो, आणि दारू हा त्यावर तूच शोधलेला इलाज. घे! इतकी वर्षं मी इलाज करत होतो अन् तुम्ही मला दारुडा म्हणत होते.

आता औषध चालू आहे. गोळीने नशा होत नाही, पण मला एकावर एक घ्यायची खोड, म्हणून पाकीट दुसऱ्याच्या हातात ठेवायचा हुकूम आहे. तोताराम रोज प्रसादासारखी एक देतो.

शेवंता माहेरी जाऊन बसली त्याला वर्ष होत आलं. सासऱ्यांना, अभिमन आबांना, तू दोन ओळी लिही. माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा नाही.

शिव्या दे, पण माया आटू देऊ नको.
तुझा पितांबर


फैजपूर, ता. २६ एप्रिल

चि. पितांबरास अक्काचे उदंड आशीर्वाद.

तुझे दाजी म्हणतात, दारूबंदीच्या राज्यात जाऊन पिणारा अख्ख्या खान्देशात हाच एक! मला मात्र धास्ती वाटली, एक सोडून दुसरी लावून घेतोस की काय. इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, साखरेच्या रोग्याला गोळीचा नादी म्हणता का? मग मी आबांना दोन ओळी लिहिल्या.

आबांचं उत्तर आलं. आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, या म्हणतात, पण तोंडाला वास आला तर शेवंताला दिवाळीपर्यंत विसरा. आखाजीला पत्ते चालतात, अन् पत्त्यांमागून बाटली येते. सांभाळ. केळीचे वेफर पाठवलेत, अर्धे तोतारामला दे.

जिवाला जपून राहा, पत्र टाकत जा.
तुझी अक्का


सुरत, ता. १९ मे

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पहिल्यापासून सांगतो, मध्ये उठणार नाही.

सासरी, शिंदखेड्याला, तोताराम कुठला? म्हणून पाकीट सासूबाईंकडे, भिकुबाईंकडे, दिलं. याने दारू सुटते, एवढंच सांगितलं. आखाजीला त्यांनी पितरांची घागर भरली, विस्तवावर त्यांच्या नैवेद्याची आगारी टाकायला बसल्या. पुरणपोळीचा घास टाकला, आमरस टाकला, अन् वरून माझ्या बठ्ठ्या गोळ्या. आबांचे वडील दारूपायी गेले होते, तिकडे तरी सुटू दे म्हणे!

दुसऱ्या सकाळी मी हात पुढे केला तेव्हा हे कळलं. आबांनी विचारलं, एखादी तरी मागे ठेवायची? सासूबाई म्हणाल्या, मामंजींना मी ओळखत होते, एकीने भागलं नसतं.

सगळे पोट धरून हसले, मी सोडून. पुढच्या दिवशी पत्त्यांचा डाव बसला, बाटली आली. माझे पाय वळवळायला लागले, हातातली पानं दिसेनात. पानं टाकली अन् चारचौघांत आबांना म्हटलं, मला इथून काढा, नाहीतर मी पिईन. डाव थांबला. जावयाने असं बोलायचं असतं का?

आबा उठले अन् शेवंताला म्हणाले, पिशवी भर. हा एकटा गेला तर गुजरात लागायच्या आधी नंदुरबारलाच प्यायला उतरेल, डॉक्टरच्या दारापर्यंत हात धरून ने.

गोळ्या पुन्हा मिळाल्या. आधीच्या कुठे गेल्या ते तोतारामने सांगितलं, तर डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

शेवंताने फलाटावर आबांना विचारलं होतं, दिवाळीपर्यंत ठेवणार होते ना मला? आबा म्हणाले, पिऊन आला असता तर. हा तर प्यायच्या आधी सांगायला आला.

ती शेजारीच बसून हे वाचतेय, नमस्कार सांगते. तुझा लोभ आता दोघांना पुरेल एवढा पाठव.
तुझा पितांबर