झुल्फिकारची तक्रार

मार्गासनी, मंगळवार

प्रिय झुल्फिकार,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट बाजूला ठेवावंसं वाटलं तर ठेव, पण फाडू नकोस. फोनही केला असता. पण फोनवर मी पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला असता.

आधी तब्येत सांगतो. काल पुण्याला एमआरआयचा रिपोर्ट मिळाला. डोक्यातली गाठ काढली तिथं नवीन काही नाही. आता तपासणीला तीन नाही, सहा महिन्यांनी बोलावलंय. फिटच्या गोळ्या दोन वेळा चालूच आहेत. मंगलनं मोबाईलला गजर लावलाय. तो वाजला की हातातलं टाकून ती पाणी घेऊन उभी. रेडिएशन दिलं तिथं तळहाताएवढ्या जागेत केस आलेच नाहीत, म्हणून टोपी घालतो. डाव्या हातात जोर यावा म्हणून पीठ मळायला सांगितलंय, तेव्हा वर्षभर घरातलं भाकरीचं पीठ मीच मळतो. सुरुवातीला मंगल ते गुपचूप परत मळायची. मला दिसायचं. थकवा असा येतो की दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. रागही फार येतो. एकदा आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं आणि मग मीच रडत बसलो. मंगलनं फरशी पुसली.

गाडी आता कधीच चालवायची नाही. डेपोनं मला स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलंय. आपली पासलीची गाडी लागली की तिकडं बघायचं नाही, असं रोज ठरवतो.

ती संध्याकाळ तू विसरला नसशील. वेल्ह्याच्या पुढं वळणावर माझा डावा हात स्टिअरिंगवरून गळून पडला. कशीबशी गाडी कडेला घेतली. मागं एकवीस माणसं होती, आमच्या आळीतली साळूबाई मांडीवर नातीला घेऊन बसली होती. तू पुढं आलास, तेव्हा मी म्हणालो, "डेपोत बोलू नको. तुला माझी शपथ हाय." तू गप्प राहिलास. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला गाडीवरून उतरवलं आणि तपासणीला धाडलं. तुमच्या कंडक्टरनं लेखी दिलंय, म्हणाले.

नऊ वर्षं आपण एका डब्यात जेवलो, आणि यानं माझ्या पोटावर पाय दिला, एवढंच डोक्यात बसलं. ऑपरेशननंतर तू आणि बिलकीस वहिनी दवाखान्यात आलात, तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. झोपलो नव्हतो. तुम्ही बराच वेळ उभे होता, ते मला कळत होतं. आणखी दोन महिने गेले असते तर हाताबाहेर गेलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी माझा राग उतरला नाही. तू सासवडला बदली मागून घेतलीस तेव्हा मी, बरं झालं, म्हणालो. आता ते आठवलं की मान वर होत नाही.

काल रिपोर्ट घेऊन परत येताना नसरापूर सोडल्यावर मंगल आपणहून बोलायला लागली. त्या वळणाच्या आदल्याच आठवड्यात जेवताना माझं तोंड वाकडं झालेलं तिनं बघितलं होतं, आणि मी तिलाही शपथ घातली होती. वळणावरचं साळूबाईकडून कळल्यावर ती दुसऱ्या दिवशी भोरला तुमच्या घरी आली. मी स्वतः डेपोत जाऊन सांगते, म्हणाली. तू तिला काय सांगितलंस, ते तिला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "वहिनी, तुमी जाऊ नका. लेखी मी देतो. आता त्याला तुमच्याच हातचं खायचं-प्यायचं हाय, तुमच्यावरच टेकायचं हाय. राग माझ्यावर असू द्या." कुणालाच सांगायचं नाही, असं तू तिच्याकडून वदवून घेतलंस.

एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत बसली. मी तिचा हात धरला, तो मार्गासनी येईपर्यंत सोडला नाही. झुल्फिकार, मी तिच्यावर रागावलो नाही. हेच तुला कळवायचं होतं, म्हणून हे पत्र. आता तू घरी ये.

तुझाच,
हनुमंत