नारळावर बेतलेली कुंची

रत्नागिरी, फाल्गुन वद्य, शके १८५३

तीर्थरूप भिकाजीदादांचे सेवेशी, धाकटी बहीण गोदा हिचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत (सासूबाईंचे गुडघे सोडून). तुमचा खोकला कसा आहे? सावित्रीवहिनींनी दिलेला काढा पोटात जातो ना? तो खिडकीतून ओतायची तुमची सवय आंजर्ल्याच्या घरापासूनची, म्हणून विचारते.

तुम्ही मुंबईस सॉलिसिटराच्या कचेरीत, म्हणून तातडीने लिहीत आहे. माझी झोप उडाली आहे. कारण कुंची. तान्ह्या पोराची कुंची नेहमी घसरून डोळ्यांवर येते, पोर रडते आणि सगळ्या म्हणतात दृष्ट लागली. मी मानेशी एक चिमूट घेऊन वर्तमानपत्राच्या कागदाची कुंची बेतली आणि शेंडी काढलेल्या नारळावर घालून पाहिली. (नारळ अशासाठी, की त्याला डोळे असतात.) हलवला, उताणा केला, पालथा केला, तरी डोळे उघडे! इतक्यात माझी धाकटी जाऊ मथुरा आत आली. "अगो बाय, जाऊबाई, नारळाचं बारसं काढलंत की काय!" म्हणून हसली आणि कागद उचलून चालती झाली. मला नको म्हणता येईना. नको म्हटले असते तर का ते सांगावे लागले असते.

पावसला गंगुबाईंच्या नातवाचे बारसे होते. मथुरेने तो कागद खणावर ठेवला नि कचाकच कापून कुंची शिवली. पोर बारसेभर रडले नाही. (आत्याने कानात कुर्र केले तेव्हासुद्धा नाही.) पोर झाल्याची बातमी जितकी पसरली नव्हती तितकी ही पसरली. आता महिपत शिंप्याने दारावर पाटी लावली आहे, 'येथे मथुराकुंची मिळेल'. परवा हर्ण्याहून बोटीने आलेल्या एका पोराच्या डोक्यावरही तीच! माझा कागद, माझी चिमूट, माझा नारळ. आणि कुंची मथुरेची.

मी विहिरीवर तसे बोलले. मथुरा म्हणाली, "मग तुम्ही का नाही कापलीत? कात्री काय गंजली होती?" साऱ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी घाईने कळशी ओढली ती अर्धी अंगावर आली. (उत्तर आहे. पण विहिरीवर सांगण्यासारखे नाही.)

घरी स्वारीला विचारले. स्वारी म्हणाली, असल्या गोष्टींना सरकारी कायदा आहे, 'कापीराइट'. एवढे बोलून पेपरात डोके घातले. तेव्हापासून तर माझ्या तोंडचे पाणीच पळाले आहे. राइट म्हणजे बरोबर हे मला ठाऊक आहे, म्हणजे जो कापी तो राइट! सरकारसुद्धा मथुरेच्या बाजूचे निघाले. (इंग्रजांना कुंचीतले काय कळते? त्यांची पोरे टोप्या घालतात.) तरी तुमच्या साहेबांना विचारा, नुसत्या बेतणारीला कायद्यात कुठे जागा आहे काय? की कात्री चालवली नाही म्हणजे काहीच केले नाही? उलट टपाली कळवावे, जिवाला घोर लागला आहे.

तुमची,
गोदा

ता. क. इथून पुढचे वहिनींनी वाचावे. दादा, चष्मा काढा. वहिनी, मी कापली नाही, कारण जन्माआधी बाळाचे कापड कापू नये म्हणतात. मागल्या दोन्ही वेळी मी हौसेने आधीच शिवून बसले होते. म्हणून या खेपेस नुसता कागद. कागदाला तरी दोष नसावा. श्रावणात आहे. स्वारीखेरीज कुणाला सांगितलेले नाही. फार भीती वाटते. तो नारळ मी अजून कुणाला फोडू दिलेला नाही.

दुसरा ता. क. दादा, चष्मा लावा. साहेबांना काही विचारू नका. पाटीवर मथुरेचे नाव राहू दे. श्रावणात सगळे सुखरूप पार पडले की कुंची तिच्याकडूनच कापून घेईन; तिचा हात सरळ चालतो. फक्त तुम्ही बारशाला या, आणि चारचौघींत मोठ्याने विचारा, "ही मानेशी चिमूट कुणाची?"