अजिंक्य संत्र्याची सत्त्वपरीक्षा

२ जून
आजपासून शिस्त. रोज लिहायचं. संत्र्याच्या सगळ्या वाणांची व्हायरस टेस्ट साहेबांनी माझ्याकडे दिली. रोगट झाडाची काडी प्रत्येक रोपावर कलम करायची, कोण आजारी पडतं ते बघायचं. माझा स्वतःचा वाण 'अजिंक्य' पडणार नाही. तो पास झाला की बागेच्या फाटकावर माझ्या नावाची पाटी. नापास झाला तर मी बियाण्यांच्या गोदामात. प्रश्नच उद्भवत नाही.

३ जून
ऑफिसचा फ्रिज बंद पडला. रोगट काड्या पिशवीतून घरी आणून दह्याशेजारी ठेवल्या. बायकोने घर डोक्यावर घेतलं. हा रोग झाडांचा असतो, माणसांना होत नाही, असं शांतपणे समजावलं. फ्रिज आवरायला लागली. पटलं असावं.

५ जून, सकाळ
काड्या चक्क टवटवीत! व्हायरस भलताच जोमात दिसतो. बायकोने न मागता दुसरा चहा दिला. उशिरा का होईना, कदर झाली.

संध्याकाळ
सगळ्या रोपांवर कलमं बांधली. पाठीचे बारा वाजले. उद्यापासून व्यायाम.

२० जुलै
अजिंक्य ठणठणीत. बाकीचे वाणही ठणठणीत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, आजारी पडायलाच लावलेलं ते नाजूक रोप तरी पडलं का? तेच पडलं नाही तर टेस्ट कसली? माझ्यावर जळतात, दुसरं काय! नाजूक रोपाने अजिंक्यचा आदर्श घेतलाय, असं सुनावलं. व्यायाम सोमवारपासून.

११ ऑगस्ट
बांधलेल्या काड्यांना फुटवे! म्हणजे रोगट काडीसुद्धा अजिंक्यवर बरी होते. हा नुसता वाण नाही, औषध आहे. साहेबांना तातडीने बोलावलंय. सासूबाईंचा फोन. काड्या जगल्या का, विचारत होत्या. केवढी आपुलकी! त्यांना काड्यांचं कुणी सांगितलं कोण जाणे.

१८ ऑगस्ट
साहेब आले. अजिंक्यच्या फुटव्याचं पान चुरगळून हुंगलं. मग माझ्या नाकापुढे धरलं.

लिंबू.

सगळ्या रोपांवर लिंबू.

बायकोला फोन लावला. म्हणे, ती सडकी लाकडं तिने त्याच दिवशी कचऱ्यात टाकली. मी ओरडेन म्हणून तिच्या आईच्या अंगणातल्या लिंबाच्या काड्या आणून पिशवीत भरल्या. आणि काडीसारखी काडी, त्यात एवढं काय, असं मलाच विचारलं. फार वाईट वाटलं. चहा आठवून जास्तच.

२५ ऑगस्ट
पाटी लागली. गोदामाच्या दारावर.

तरी अजिंक्य नापास झाला, असं कुणीही सिद्ध करू शकलेलं नाही. सासूबाईंनी तो अंगणात लावायला मागून नेला. लिंबं छान धरतील म्हणाल्या.